सातवा लागेपर्यंत थांबू नये

१५ जून, नाशिक

गरोदरपणात फ्लूची लस घ्यावी का, हा प्रश्न पाऊस तोंडावर आला की दरवर्षी निघतो. ठाम नाही म्हणणाऱ्या थोड्याच. बाकीच्यांचं 'बघू, सातवा लागला की घेऊ' असं ठरतं, आणि तेवढ्यात फ्लू घरात येऊन जातो. म्हणून आज 'कधी घ्यावी' यावरच लिहायचं आहे.

सातव्या महिन्याचा हिशेब आला कुठून? फॉग्सी या आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २६ आठवड्यांनंतर ही लस द्यावी, असं सुचवलं. साथ असेल तर त्याआधीही. हा पुढचा अर्धा भाग मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गरोदरपणात ती कोणत्याही महिन्यात चालते. आपल्याकडे फ्लूचा जोर जुलै ते सप्टेंबर, आणि पुन्हा जानेवारी ते मार्च. आजची तारीख धरून मोजू. आज जिचे १४ आठवडे भरले, तिचे २६ आठवडे ७ सप्टेंबरला भरतील. टोचल्यावर अंगात प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात, म्हणजे २१ सप्टेंबर. ज्या पावसाळ्यासाठी लस घ्यायची, तो तोवर सरत आलेला. तिने याच आठवड्यात घ्यावी. जिचे २४ आठवडे भरले ती दोन आठवडे थांबली तर फार बिघडणार नाही, पण थांबून मिळणारही काही नाही.

त्यात नाशिकची गर्दीही याच दिवसांतली. त्र्यंबकेश्वरचे श्रावणी सोमवार, तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी, पाठोपाठ गणपती. २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात तर सिंहस्थाची मुख्य स्नानं. बाई स्वतः घराबाहेर पडली नाही, तरी फेरीहून आलेला दीर खोकत घरात येतोच.

गरोदर बाईला फ्लू जड का जातो, हे सासूबाईंनाही समजावून सांगता यायला हवं. 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' हे त्या काळजीपोटीच म्हणतात. पोट वाढतं तसा छाती-पोटामधला पडदा, म्हणजे श्वासपटल, वर ढकलला जातो, फुप्फुसांना पसरायला जागा कमी पडते, हृदयावर आधीच जास्तीचा भार असतो. मग फ्लूचा न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही. दुसरी गोष्ट बाळाची. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही. त्याला संरक्षण मिळतं ते आईकडून, वारेतून. बांगलादेशातल्या एका अभ्यासात, जो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, लस घेतलेल्या आयांच्या बाळांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत तपासणीत सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला. मला स्वतःला सगळ्यात पटणारं कारण हेच.

लस घेतली की सर्दी-खोकला होणारच नाही, असं मात्र कुणी सांगू नये. त्या वर्षीचा विषाणू लसीशी जुळला तर साधारण ४० ते ६० टक्के संरक्षण मिळतं. फ्लू झालाच तर तो हॉस्पिटलपर्यंत नेण्याची शक्यता कमी होते. विषाणू बदलतो, म्हणून मागच्या वर्षीची लस यंदा मोजायची नाही.

गर्भपाताची भीती व्हॉट्सअॅपवर फिरते तिला एक मूळ आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात, लागोपाठ दोन वर्षं लस घेतलेल्यांमध्ये तसा संबंध दिसला होता. त्याच अभ्यासकांनी जास्त बायकांची माहिती घेऊन पुन्हा तपासलं, तेव्हा २०१९ मध्ये तो दिसला नाही.

आता प्रत्यक्ष टोचून घेताना. 'माझी इंजेक्शनं झालीत' असं सांगणाऱ्या बाईची बहुधा टीडीची, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची झालेली असतात. फ्लूची वेगळी, ०.५ मिलि, दंडात. ती मेलेल्या विषाणूची हवी. नाकात फवारायची लस जिवंत विषाणूची असते, ती गरोदरपणात चालत नाही. खोक्यावर कोणत्या हंगामाची आणि मुदत कधीची हे वाचावं, बॅच नंबर फाइलमध्ये लिहून घ्यावा. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. मेडिकलमधून स्वतः आणत असाल तर थंड पिशवीतून आणा, पण बर्फाला चिकटवून नाही. एकदा गोठलेली लस पुन्हा वितळली तरी फेकूनच द्यायची. घरच्या फ्रिजच्या दारात तर ठेवूच नका.

आणि बाही! घट्ट ब्लाउजची बाही अर्धवट वर सरकवली की दंडाचा वरचा मांसल भाग उघडा पडत नाही, सुई खाली किंवा फार वर खांद्यात जाते आणि हात आठवडाभर दुखत राहतो. त्या दिवशी सैल बाहीचा कुर्ता किंवा गाऊन घाला. टोचल्यावर १५ ते ३० मिनिटं तिथेच बसा. एक-दोन दिवस दंड दुखेल, कणकण वाटेल, त्याला पॅरासिटामॉल पुरते. अंगात चांगला ताप असेल तर उतरेपर्यंत थांबायचं. आधी याच लसीने जोराची अॅलर्जी आली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही.

खासगीत दीड-दोन हजारांच्या आसपास खर्च येतो. राज्यात २०१५ पासून सरकारी रुग्णालयांत दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांना ती मोफत देण्याची सोय झाली, पण साठा आहे का हे आशाताईंना किंवा रुग्णालयात आधी विचारूनच निघावं. सिडकोहून रिक्षा करून जायचं आणि रिकाम्या हाती परतायचं, हे सातव्या-आठव्या महिन्यात सोपं नाही.

लस घेतलेली असो वा नसो, ताप-खोकला-घसादुखी सुरू झाली की अंगावर काढू नये. गरोदर बाई जोखमीच्या गटात धरली जाते, त्यामुळे स्वॅबच्या रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टर ओसेल्टामिवीर ही फ्लूवरची गोळी सुरू करू शकतात. ती पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर सगळ्यात चांगली लागू पडते. ब्रुफेन घरात असेल तरी घ्यायची नाही. दम लागला, छातीत दुखलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर रात्र असली तरी निघायचं.