आठ घरांच्या नऊच, मग ही दहावी कुठून आली?

तीन संध्याकाळी गेल्या, त्याही दोन चौकोनांपायी. राग अजून उतरलेला नाही.

गणितज्ञ कॉन्वेच्या गेम ऑफ लाइफमध्ये चौकटींच्या पटावरचं प्रत्येक घर जिवंत किंवा मेलेलं असतं, त्याला भोवतीची आठ घरं शेजारी. दर पिढीला जिवंत घर दोन किंवा तीन जिवंत शेजाऱ्यांवर टिकतं, मेलेलं घर बरोबर तीन असतील तरच जिवंत होतं. पुढच्या पिढीत जशीच्या तशी राहणारी नक्षी म्हणजे स्टिल लाइफ. चार घरांच्या अशा २, पाचाची १, सहाच्या ५, सातच्या ४, आठच्या ९. आकडे केव्हाचे माहीत आहेत, पण मला ते स्वतःच्या पायथॉन प्रोग्रॅममधून काढायचे होते. खाज, दुसरं काय!

माझ्या प्रोग्रॅमला सहाच्या चारच सापडल्या. एकमेकांना न चिकटलेले तुकडे मी सरळ टाकून देत होतो, त्यात एअरक्राफ्ट कॅरियर नावाची नक्षी गेली. तिचे दोन अर्धे कोपऱ्यानंही टेकत नाहीत. मग नियम सैल केला: दोघांच्या मधल्या एखाद्या मेलेल्या घराला दोन्हीकडचे मिळून चार किंवा जास्त शेजारी असतील तर नक्षी एकच. सहाच्या पाच झाल्या, सातच्या चार. आठच्या दहा!

आरसा आणि फिरवाफिरवीचा कोड दोनदा नव्यानं लिहिला. (आठही दिशा तपासा, नाहीतर एकच नक्षी दोनदा मोजली जाते. माझ्याकडे हे आधीपासून बरोबर होतं, म्हणून जास्त चिडलो.) शेवटी आलेखाचा कागद आणि पेन्सिल. दहावी निघाली बाय-ब्लॉक: दोन बाय दोनचे दोन ठोकळे, मध्ये एक रिकामा स्तंभ. मधल्या दोन घरांना चार-चार शेजारी, म्हणून माझ्या नियमात बसली. पण एक ठोकळा खोडला तरी दुसरा जागचा हलत नाही! कॅरियरचा अर्धा खोडून बघा: उरलेल्या तीन घरांच्या खाचेत लगेच चौथं जन्मतं. समोरच्या अर्ध्याचं एक घर तिथं चौथा शेजारी होऊन तो जन्म अडवून बसलेलं असतं.

म्हणजे तपासायचं ते एवढंच: नक्षीचे दोन भाग करा, प्रत्येक भाग एकटा टिकतो का पाहा. दोन्ही टिकले तर ती स्यूडो, म्हणजे नुसतीच एकत्र दिसणारी, वेगळ्या वहीत.

हो, आणि ८×८ वर आठ घरं आंधळेपणानं मांडत बसू नका, ४४२ कोटींवर मांडण्या होतात. नियम मोडला की तिथूनच मागे फिरा. कडेला रिकामी ओळ सोडा.

परवा रात्री दीडला दहाच्या २५ आल्या. बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "बरं."