सिंगापूरच्या सरकारी घरात दोन मांजरं, एक कुत्रा

सिंगापूरला यायच्या तयारीत असलेले मराठी लोक शाळा आणि घरभाड्याची चौकशी झाली की हमखास विचारतात, "आमची मनी आणता येईल का हो?" काही वर्षांपूर्वी याचं उत्तर निराश करणारं होतं.

इथले दहांतले जवळपास आठ रहिवासी एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात. या घरांत 1989 पासून मांजर पाळायला बंदी होती. मांजर घरात कोंडून राहत नाही, केस गळतात, जिन्यात घाण करते, रात्री ओरडते, अशी मंडळाची कारणं. कुत्रा चालायचा, तोही एकच आणि मंजूर यादीतल्या जातीचा. लोकांनी मांजरं पाळलीच, फक्त दार लावून. शेजाऱ्याशी वाजलं की तक्रार जाईल, या धास्तीत कित्येक घरं राहिली.

1 सप्टेंबर 2024 ला ही बंदी उठली. आता एचडीबीच्या घरात दोन मांजरं ठेवता येतात. खासगी घरात कुत्री-मांजरं मिळून तीन. मांजरीला मायक्रोचिप हवी, परवाना हवा, आणि ती उंचावरून पडू नये म्हणून खिडक्यांना जाळी हवी.

मला यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती जुन्या मांजरांची. ज्यांच्याकडे आधीपासूनच दोनाहून जास्त होती, त्यांना "जादाची काढून टाका" असं कुणी म्हटलं नाही. 31 ऑगस्ट 2026 पर्यंत नोंद करा आणि आहेत ती सगळी ठेवा, एवढंच सांगितलं. या मुदतीत नसबंदी झालेल्या मांजरीचा परवाना मोफत, तोही आयुष्यभराचा. कुत्र्यांच्या शुल्कातही हाच विचार आहे: नसबंदी केलेल्या कुत्र्याला वर्षाला 15 सिंगापूर डॉलर, न केलेल्याला 90. लपवण्याचं कारणच उरलं नाही, तर माणूस स्वतःहून पुढे येतो.

आणि पुढे येणं फार गरजेचं आहे. मांजरीचे दिवस भरायला जेमतेम नऊ आठवडे लागतात, पाच-सहा महिन्यांची मांजरी स्वतःच व्यायला तयार होते. नसबंदी न केलेली एक जोडी बंद घरात असली, की एक-दोन वर्षांत मोजदाद हाताबाहेर जाते. बहुतेक वेळा याची सुरुवात मायेतूनच होते. पुढे मात्र खोल्यांत मुताचा उग्र दर्प साचतो, पिल्लांचे डोळे चिकटतात, आजार एकाकडून दुसऱ्याकडे जातात, आणि पाळणाऱ्याला ते दिसेनासं होतं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये साठवणुकीचा विकार स्वतंत्र आजार म्हणून नोंदवला, त्यात प्राण्यांच्या अशा साठवणुकीचाही उल्लेख आहे. म्हणूनच नुसते प्राणी उचलून नेले आणि माणसावर उपचार केलेच नाहीत, तर घर पुन्हा भरतं.

फेब्रुवारी 2025 मध्ये पुण्यात हडपसरच्या एका सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये तीनशेहून अधिक मांजरं असल्याची बातमी आली, तेव्हा इथल्या आमच्या मराठी ग्रुपवर दोन तट पडले. एकाला वास आणि शेजाऱ्यांचे हाल दिसत होते, दुसऱ्याला मांजरांवरचं प्रेम. मला मात्र त्या मांजरांची काळजी वाटत होती. साडेतीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तीनशे जीवांना प्रेम पुरत नाही, हवासुद्धा पुरत नाही.

आपल्याकडे सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने स्पष्ट केलं आहे आणि ते योग्यच आहे. पण 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. सिंगापुरात क्रूरतेच्या पहिल्याच गुन्ह्याला 15,000 डॉलरपर्यंत दंड किंवा दीड वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही.

तरी दंडापेक्षा मला वेळेवर पोहोचणं महत्त्वाचं वाटतं. हडपसरच्या त्या घरात 2020 मध्ये पन्नासेक मांजरं होती, असं रहिवाशांनी सांगितल्याचं बातम्यांत आलं होतं. पन्नास असतानाच तिथे नसबंदीसाठी पशुवैद्य आणि त्या घरातल्या माणसाशी बोलायला समुपदेशक पाठवायला हवा होता.