होडीच्या छताची कमान

रबाळे एमआयडीसीत आमचा स्टेनलेस स्टीलच्या फॅब्रिकेशनचा गाळा आहे. जिन्यांची रेलिंग, हॉटेलांची टेबलं, कधी एखाद्या औषध कंपनीच्या ट्रॉल्या, अशीच बहुतेक कामं. त्यामुळे दिवाळे कोळीवाड्यातले एक नाखवा टेम्पोवर होडीच्या छताचा अख्खा सांगाडा बांधून आले, तेव्हा शेजारच्या गाळ्यांतली पोरंही बघायला जमली.

जुनी होडी विकताना त्यांनी छत काढून ठेवलं होतं. नवी फायबरची होडी फूटभर जास्त रुंद. ठाणे खाडीला 2022 साली रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, त्यानंतर त्यांनी मासेमारीच्या जोडीला फ्लेमिंगो दाखवायच्या फेऱ्या धरल्या. उन्हात माणसं दोन-दोन तास बसायची, तर डोक्यावर सावली पाहिजेच.

सांगाडा म्हणजे उलट्या यू आकाराच्या तीन कमानी. त्यातली एक ते आधीच एका प्लंबरकडे वाकवायला देऊन आले होते. तिचा कोपरा पार चपटा झालेला, आतल्या बाजूला सुरकुत्या.

"त्याचा मशीन बी एक इंची, माझा पाईप बी एक इंची. मंग चेपला कसा?"

प्रश्न रास्त होता. प्लंबिंगचा एक इंची पाईप बाहेरून मोजला तर 33.4 मि.मी. भरतो. नाखव्यांची होती ती रेलिंगची एक इंची ट्यूब, बाहेरूनच इंचभर, म्हणजे 25.4. प्लंबरच्या मशीनच्या खाचेत ती बसली खरी, पण दोन्ही बाजूंना मोकळी राहिली. दाब आला की ती बाजूंना पसरणार आणि मधे बसणार. पत्रा 18 गेजचा, जेमतेम सव्वा मिलिमीटर. तो काय तग धरणार?

नाखव्यांनी खिशातून चुंबक काढलं. त्यांचा खरा राग दुसराच होता. सरळ भागाला चुंबक चिकटत नव्हतं, कोपऱ्याला मात्र हलकं ओढत होतं. "कोपऱ्यान लोखंड भरलाय, फसवलाय मला." मी आमच्याकडचा 304 ग्रेडच्या चांगल्या स्टेनलेसचा वाकवलेला तुकडा त्यांच्या हातात दिला. तिथेही तेच. हे स्टील थंड वाकवलं की बाकाच्या जागी त्याची आतली रचना बदलते, ते कडक होतं आणि थोडंफार चुंबकीयही होतं. भेसळ चुंबकाने कळतच नाही. स्वस्तातलं 202 सुद्धा त्याला चिकटत नाही, आणि दुकानदार तेच 304 म्हणून खपवतात. ते ओळखायला बॅटरी लावून रसायनाचा थेंब टाकावा लागतो. 202 असेल तर तो लाल होतो. त्यांची ट्यूब थेंबाच्या कसाला खरी उतरली, तेव्हा कुठे ते स्टुलावर बसले.

मग त्यांचा सोपा हिशेब सुरू झाला: जुने कोपरे सरळ करा, सहा इंच पुढे सरकवून पुन्हा वाकवा, नवीन माल कशाला? त्याचं उत्तर चुंबकानेच दिलं होतं. जिथे ओढ लागली, तिथला धातू कडक झालेला. उलटा वाकवायला गेलं की बाक होता तिथे तो हलत नाही, शेजारच्या मऊ भागात मोडतो. प्लंबरने बिघडवलेल्या कमानीचा धड कोपरा व्हाइसमध्ये धरून मी त्यांच्यासमोरच उलटा ओढला. बाकाशेजारी खड्डा पडला. नाखवा म्हणाले, "बास."

म्हणून दोन कमानींचे कोपरे जसेच्या तसे ठेवले, मधल्या आडव्या दांड्या नव्या घ्यायच्या ठरल्या. तिसरी कमान अख्खी नवी, 316 ची. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेला ते जास्त टिकतं.

मापं घ्यायला दिवाळ्याच्या जेट्टीवर गेलो तर ओहोटी. होडी चिखलात एका कुशीवर कललेली. आमच्या पोराने सवयीने लेव्हल बॉटल काढली आणि मला हसू आवरेना. होडीवर बुडबुड्याला काय अर्थ? नाळेपासून मागच्या टोकापर्यंत मधोमध दोरी ताणली आणि सगळं त्या दोरीपासून मोजलं. दोन्ही काठ सारखे नव्हतेच. फायबरची होडी हाताने थर देत बनते, थोडा फरक राहतोच.

गाळ्यात परतल्यावर नवी कमान घेतली. आमची डाय, म्हणजे ज्याभोवती ट्यूब वाकवतो तो साचा, 100 मि.मी. त्रिज्येची, ट्यूबच्या चौपट. काठाला बसणाऱ्याचं डोकं लागू नये म्हणून नाखव्यांना कोपरा गोलाई न ठेवता अगदी टोकदार हवा होता. मी नाही म्हटलं. एवढ्या पातळ ट्यूबला त्याहून आवळ बाक दिला, तर प्लंबरचीच गत. काटकोनाच्या या बाकात दोन्ही बाजूंचे मिळून 200 न जाता 157 मि.मी. माल जातो, हे धरून खुणा केल्या. ट्यूबचा वेल्डिंगचा जोड बाजूला ठेवला, आत किंवा बाहेर आला की तो ताण घेतो. स्टेनलेस सोडलं की मागे येतं, म्हणून 94 अंशांपर्यंत नेऊन हात काढला. दुसरा कोपरा वाकवताना पीळ पडायची खरी भीती. तो पडला की कमान जमिनीवर ठेवली तरी डुगडुगते. तिथे मात्र पोराची लेव्हल बॉटल कामाला आली.

या कमानीचा माथा आणि आडव्या दांड्या, सगळ्यांना तीन रोलरच्या मशीनवर किंचित बाक दिला, नाहीतर ताडपत्रीवर पाणी साचून झोळी होते. रोलर सुट्या दांडीची टोकं सरळच सोडतो, म्हणून माल लांब घेऊन टोकं मागून कापली. जोडांत आतून भरीव बार, वर आर्गन वेल्डिंग, मग डाग घासून चकचकीत.

पाय मुद्दाम लांब ठेवले होते. ते जेट्टीवर, भरतीला होडी तरंगत असताना कापले. डावीकडचे उजवीपेक्षा 18 मि.मी. आखूड भरले. बिजागऱ्यांना नाखव्यांनी स्वस्तातले ॲल्युमिनियमचे रिबिट आणले होते. खाऱ्या पाण्यात स्टेनलेसशेजारी त्यांची पांढरी भुकटी होते, म्हणून ते परत दिले आणि 316 चे बोल्ट लावले. त्यावरून बिलात घासाघीस झाली. शेवटी बोल्टांचे पैसे सुटले, त्याबदल्यात पिशवीभर निवटे मिळाले.