तुम्ही विचारलंत म्हणून: पीआयजीए बिघडलंय, मग मुलांना होणार का?

पीएनएच (पॅरोक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्युरिया) म्हणजे तांबड्या पेशी फुटत राहण्याचा रक्ताचा आजार; त्यात पीआयजीए नावाचं जनुक बिघडलेलं असतं. त्याचा रिपोर्ट हाती आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. आजार जनुकातला आहे, म्हणजे मुलांमध्येही उतरणार ना? ‘नाही’ म्हटलं की विचारणारा आणखीच साशंक होतो. म्हणून एकदा नीट लिहितो.

पीआयजीए एक्स गुणसूत्रावर असतं. त्याचं प्रथिन, आणखी काही प्रथिनांच्या सोबतीने, फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल या स्निग्ध रेणूला एन-अ‍ॅसिटिलग्लुकोसामाइन ही साखर जोडतं. जीपीआय नावाच्या नांगराची ही पहिली कडी. शरीरातली दीडशेच्या आसपास प्रथिनं याच नांगराने पेशीच्या पृष्ठभागाला धरून असतात. त्यांतली सीडी५५ आणि सीडी५९ तांबड्या पेशीला स्वतःच्याच कॉम्प्लिमेंटपासून (रक्तातल्या, जंतूंवर तुटून पडणाऱ्या प्रथिनांपासून) वाचवतात. ती नसली की पेशी रक्तवाहिनीतच फुटते आणि लघवी गडद होते. पीएनएचमध्ये पीआयजीएचा हा बिघाड जन्मानंतर रक्ताच्या एखाद्या मूळपेशीत होतो. तो तिच्यापासून बनणाऱ्या रक्तपेशींत जातो, बीजपेशींत जात नाही. मुलांचा संबंध येतो कुठे?

नांगराला वीसहून अधिक जनुकं लागतात, मग नेमकं हेच का? बाकीच्या बहुतेकांची दुसरी प्रत हाताशी असते. एक्स मात्र पुरुषात एकच, आणि बाईच्या पेशीत दोनपैकी एक मिटलेला. एकच घाव पुरतो.

‘मग जीन टेस्टच करा’ हा पुढचा आग्रह. त्याची आधी गरज नसते. नांगर आहे की नाही ते फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे पेशी रंगवून एकेक तपासणाऱ्या यंत्रावर, थेट दिसतं, आणि खरी चूक तिथेच होते. समजा, हिमोग्लोबिन फार उतरलं, दोन पिशव्या रक्त चढलं आणि त्यानंतर नमुना आला. फक्त तांबड्या पेशींवरचं सीडी५९ पाहिलं तर क्लोन, म्हणजे बिघडलेल्या मूळपेशीपासून आलेल्या पेशींचा वाटा, लहानच दिसणार. दात्याच्या पेशींचे नांगर शाबूत असतात, आणि रुग्णाच्या बिननांगरी पेशी बऱ्याचशा आधीच फुटून गेलेल्या असतात. त्या आकड्यावर ‘किरकोळ आहे’ असं सांगितलं गेलं तर रक्ताच्या गुठळीचा धोका नजरेआड होतो. म्हणून क्लोनचा आकार पांढऱ्या पेशींवर मोजायचा: ग्रॅन्युलोसाइट या प्रकारावर फ्लेअर आणि सीडी२४, मोनोसाइट या प्रकारावर फ्लेअर आणि सीडी१४. सीडी२४ आणि सीडी१४ ही नांगरावरची प्रथिनं. फ्लेअर हे चमकणारं रसायन थेट नांगरालाच चिकटतं. तरीही जोडी लागते, कारण एखादं प्रथिन इतर कारणांनीही कमी दिसू शकतं. दोन्ही एकाच पेशीवर गायब असतील तरच ती मोजायची. नमुना रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत, हाताच्या शिरेतून. अस्थिमज्जेतला चालत नाही. तिथल्या कोवळ्या पेशींवर यांतली काही प्रथिनं अजून उगवलेलीच नसतात. पांढऱ्या पेशी ४८ तासांच्या आत तपासायच्या. तांबड्या पेशींचे गठ्ठे झाले तर दोन पेशी एक म्हणून मोजल्या जातात, त्यामुळे रंगवल्यानंतर धुऊन त्या नीट सुट्या करायच्या.

आता एक कबुली. ‘पीआयजीएचा दोष वंशातून येतच नाही’ असं मी पूर्वी सरसकट सांगायचो. ते चूक होतं. २०१२मध्ये या जनुकातला जन्मजात बदल कुटुंबातल्या मुलग्यांमध्ये आढळल्याची नोंद झाली. आकडी आणि वाढीतले गंभीर दोष असा तो वेगळाच आजार आहे. त्यात जनुकाचं काम अर्धवट तरी चालू असतं. तेव्हा माझं ‘नाही’ पीएनएचपुरतं आहे, जनुकापुरतं नाही. तरी पीएनएचबद्दल ते ठाम आहे, आणि कितीदाही विचारलंत तरी तेच सांगेन.

आणि ‘मलाच का?’ याचं उत्तर ‘जनुक बिघडलं’ एवढ्याने पुरं होत नाही, हेही मान्य. निरोगी माणसाच्या रक्तातही अशा बिननांगरी पेशी अगदी तुरळक सापडतात आणि तशाच तुरळक राहतात. मज्जेवर प्रतिकारशक्तीचा हल्ला झाला की त्या बचावतात आणि पसरतात, असं मानलं जातं. म्हणून, मज्जेत रक्तपेशी पुरेशा बनत नाहीत अशा अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या रुग्णात १ टक्क्याचा क्लोन दिसला तरी तो रिपोर्टात लिहायचा, आणि पुढच्या नमुन्यात पुन्हा पांढऱ्या पेशींवरच मोजायचा.