अंदाजपंचे वाचन: अमेरिकी शाळांतला एक जुना वाद

‘नेशन्स रिपोर्ट कार्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय चाचणीत २०२४ साली चौथीतल्या ४० टक्के मुलांना वाचनाची अगदी प्राथमिक पातळीही गाठता आली नाही. आठवीत हे प्रमाण ३३ टक्के निघाले, आणि या चाचणीच्या इतिहासात ते सर्वाधिक आहे. कोविडच्या काळात शाळा बंद राहिल्या हे खरे असले, तरी घसरण त्याआधीच सुरू झाली होती. त्यामुळे सध्या इथल्या पालकसभांत ज्या प्रश्नावर सर्वांत जास्त आवाज चढतात, तो तंत्रज्ञानाचा किंवा शुल्काचा नसून ‘मुलांना वाचायला शिकवायचे तरी कसे’ हा आहे. भारतात राहणाऱ्यांना तो ऐकून हसू येण्याची शक्यता आहे.

या वादाचे मूळ बरेच जुने आहे. केनेथ गुडमन या अभ्यासकाने १९६७ साली असे मांडले की वाचन हा एक प्रकारचा अंदाजाचा खेळ असतो. वाचणारा प्रत्येक अक्षर पाहत नाही, तर संदर्भावरून पुढचा शब्द ताडत जातो. मूल जसे आपोआप बोलायला शिकते तसेच पुस्तकांच्या सहवासात ते वाचायलाही शिकेल, अशी समजूत त्यातून बळावली. पुढे तिला ‘बॅलन्स्ड लिटरसी’ असे भारदस्त नाव मिळाले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील लूसी कॅल्किन्स यांचा अभ्यासक्रम देशभरातल्या असंख्य वर्गांत पोहोचला. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सांगण्यावरून नेमलेल्या तज्ज्ञसमितीने २००० सालीच अक्षर आणि ध्वनी यांचे नाते पद्धतशीर शिकवावे असा निष्कर्ष दिला होता, परंतु वर्गखोल्यांत फारसा फरक पडला नाही.

न्यू जर्सीत माझी मुलगी पहिलीत असताना तिच्या वर्गाच्या भिंतीवर प्राण्यांची रंगीत चित्रे लावलेली होती. गरुड सांगे, चित्राकडे नीट पाहा. मासा सांगे, पहिल्या अक्षरासाठी ओठ तयार ठेवा. आणि बेडूक सांगे, शब्द अडला तर तो ओलांडून पुढे जा. घरी आणलेल्या पुस्तकात प्रत्येक पानावर एकच वाक्य असे, फक्त शेवटचा शब्द बदले आणि तो शेजारच्या चित्रात असे. मुलगी ते घडाघडा म्हणून दाखवी. ‘पोनी’ या शब्दाशी ती बेधडक ‘हॉर्स’ म्हणाली, तेव्हा मी चित्रावर हात ठेवून पुन्हा वाचायला सांगितले. ती शब्दाकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहू लागली. शिक्षिकांच्या मते मात्र अर्थ जुळत असल्यामुळे ही चूक गंभीर नव्हती. आपल्याकडे याला अंदाजपंचे दाहोदरसे म्हणतात.

इंग्रजीचे स्पेलिंग हे खरे संकट आहे, हे मान्य केले पाहिजे. ‘ओयूजीएच’ ही चार अक्षरे ‘टफ’, ‘थ्रू’ आणि ‘दो’ या शब्दांत तीन निरनिराळ्या प्रकारे उच्चारली जातात. बाराखडीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांनी मात्र त्यावरून ऐट करू नये, कारण शालेय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ या अहवालाच्या २०२४ च्या आकडेवारीनुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता येत नाही. लिपी सोपी असली म्हणून शिकवण्याचे कष्ट वाचत नाहीत.

ते कष्ट घेतले तर काय होते, हे मिसिसिपीने दाखवले. देशातल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी हे एक. चौथीच्या वाचनात २०१३ साली ते एकोणपन्नासावे होते आणि २०२४ मध्ये नवव्या क्रमांकावर आले. मधल्या काळातल्या कायद्यातली एकच गोष्ट सर्वांना आठवते, ती म्हणजे वाचता न येणाऱ्या मुलाला तिसरीत थांबवण्याची तरतूद. माझ्या मते त्याहून महत्त्वाचे काम गाजावाजा न होता झाले: शिक्षकांना वाचनशास्त्राचे प्रशिक्षण मिळाले आणि सर्वांत मागे पडलेल्या शाळांत वर्गात बसून मदत करणारे मार्गदर्शक पाठवले गेले. अन्य राज्ये घाईघाईने कायदे करत आहेत, परंतु मार्गदर्शकांचे पगार देताना हात आखडता घेतात.

दरम्यान २०२२ साली एमिली हॅनफर्ड या पत्रकार महिलेच्या, याच अंदाजपंचे पद्धतीवरील पॉडकास्टने पालकांचा संताप जागा केला, आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्क शहराने प्राथमिक शाळांना वाचनाचे ठरावीक अभ्यासक्रम बंधनकारक करायला सुरुवात केली. लंबक आता दुसऱ्या टोकाला जाईल अशी मला धास्ती वाटते. मिसिसिपीतलीच आठवीतली मुले अद्याप राष्ट्रीय सरासरीच्या खाली आहेत, कारण शब्द उच्चारता येणे आणि मजकूर कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सातवी-आठवीच्या मुलांवर १९८८ साली झालेल्या एका प्रयोगात बेसबॉलवरचा उतारा दिला गेला, तेव्हा वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. याची प्रचिती मला रोज येते: स्थानिक वर्तमानपत्रातला बेसबॉलचा वृत्तान्त मी अस्खलित वाचतो आणि कोण जिंकले ते शेजाऱ्याला विचारतो. असे असूनही चाचणी गणित आणि वाचनाची असल्यामुळे अनेक प्राथमिक शाळांत इतिहास-विज्ञानाचे तास आक्रसत गेले आहेत.

पुण्यातले नातेवाईक अधूनमधून एखाद्या ‘अमेरिकन पद्धतीच्या’ शाळेचे माहितीपत्रक पाठवून माझे मत विचारतात. बीनबॅग आणि वाचनकोपऱ्याची छायाचित्रे पाहून मला काहीच सांगता येत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी त्यांनी एवढेच विचारावे, की मूल एखाद्या शब्दापाशी अडले तर तुमच्या बाई त्याला काय करायला सांगतात. आणि उत्तरात ‘चित्र पाहा’ आले, तर दुसरी शाळा पाहावी.