दोन मिलिमीटरचं कवच

बुधवार, रात्री

वजन उतरवायचं म्हटलं की आधी जाडीलाच हात घातला जातो. पातळ कवचात तिथेच फसायला होतं.

ॲल्युमिनियमचा साधा दंडगोल घेऊ: त्रिज्या 1000 मिमी, जाडी 2 मिमी, दाब वरून. बकलिंगच्या, म्हणजे दाबाखाली कवच एकाएकी मुडपण्याच्या, ताणाचं सूत्र 0.605 × E × t/R (E धातूचा लवचिकता-गुणांक, t जाडी, R त्रिज्या). E 70,000 मेगापास्कल धरला तर हा ताण सुमारे 85 मेगापास्कल. पण खरं कवच कुठे चेपलेलं, कुठे किंचित लंबगोल असतंच, आणि दंडगोल असल्या खोटींना भलताच हळवा. नासाच्या एसपी-8007 या बकलिंगवरच्या मार्गदर्शिकेतला घटगुणक (खोटींपायी सूत्राच्या उत्तराला ज्याने गुणायचं तो आकडा) इथे 0.32 येतो, म्हणजे हाती उरले 27. धातूची बाकी ताकद नुसती पडून.

जाडी 1.8 केली तर वजन 10 टक्के उतरतं, पण पेलणारा भार 343 किलोन्यूटनवरून 263 वर येतो: 23 टक्के घट! भार जाडीच्या वर्गाने चालतो, शिवाय R/t वाढला की घटगुणकही घसरतो.

त्यापेक्षा तेवढाच धातू वेगळा मांडावा. त्वचा 1.4 मिमी, दर 100 मिमीवर 3 × 20 मिमीची उभी रिब (ताठरतेसाठीची पट्टी), बाहेरच्या अंगाला (उभ्या दाबात आतल्या रिबेपेक्षा ती सरस). त्या दिशेतली वाकण्याविरुद्धची ताठरता शंभरेक पट होते. आडव्या दिशेत मात्र नुसती त्वचाच, ताठरता आधीच्या तिसऱ्या हिश्शावर. म्हणून आडव्या रिंगा हव्यातच, आणि त्यांचं वजनही धरायला हवं.

ऑप्टिमायझरला (वजन कमीत कमी करणाऱ्या प्रोग्रॅमला) फक्त पहिल्या मोडची, म्हणजे सर्वांत कमी भाराला येणाऱ्या बकलिंगच्या आकाराची, अट दिली, तर तो दुसऱ्या मोडकडून वजन चोरतो. पहिले 15 तरी मोड अटीत ठेवावेत. एवढं करूनही तो सगळे मोड एकाच भाराला आणून बसवतो. दिसायला सुंदर, पण मोड एकमेकांत मिसळले की खोटीचा परिणाम आणखी वाढतो. डच अभियंता कॉइटरच्या 1945 च्या प्रबंधापासून निघालेला हा धडा. त्यामुळे स्थानिक मोड (दोन रिबांमधली नुसती त्वचा फुगते ते) मुद्दाम थोड्या वरच्या भारावर ठेवलेले बरे.

मेश (गणितासाठी कवचाचे पाडलेले छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट): बकलिंगच्या सुरकुत्यांचं माप √(Rt) च्या पटीत, ते इथे 45 मिमी, तेव्हा एलिमेंट 20 मिमीच्या आत. मोठ्या तुकड्यांची मेश कवच खोटंच ताठ दाखवते आणि ऑप्टिमायझर त्यावर खूश होऊन आणखी खरवडतो. शेवटी पहिल्या मोडच्या आकाराची, एका जाडीएवढी खोट घालून नॉनलिनिअर विश्लेषण (आकार बदलत जाईल तसा भार मोजणारं).

मिलिंगमध्ये 1.4 ची त्वचा 1.3 निघू शकते. तेव्हा दोन रिबांमधला पट्टा 50 ऐवजी 43 मेगापास्कललाच फुगतो. उद्या 1.3 घालून पुन्हा चालवायचं.