मान ओली झाली का?

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं निमंत्रण आलं, सोबत स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्यावीत अशी विनंती. ग्रंथालय, स्नेहसंमेलन, स्कॉलरशिपचे जादा तास यांवर बाकीचे लिहितीलच. आमच्या ८७ च्या बॅचमध्ये लिहिणारे पुष्कळ आहेत. मी तीनदा कागद पुढे ओढला आणि तिन्ही वेळा मैदानाच्या कडेच्या वडाखाली जाऊन पोचलो. तेव्हा तिथलंच लिहितो.

पीटीच्या सरांना आपण सगळे पाठीमागे ‘हळू सर’ म्हणायचो. पळायला शिकवणारा माणूस सारखा ‘हळू, हळू’ ओरडतो, याचं आम्हाला फार हसू यायचं. सकाळी साडेसहाला हजेरी. डिसेंबरात अजिंक्यताऱ्याकडून येणारं वारं हाफ पँटीतून आरपार जायचं आणि निदान ऊब यावी म्हणून तरी पोरं सुसाट सुटायला बघायची. सर सुटू द्यायचे नाहीत. पहिला फेरा चालत. दुसरा दुडक्या चालीने, तोही शेजारच्याशी बोलता येईल इतपतच. मग डबलबारचा खांब धरून एकेक पाय लंबकासारखा पुढे-मागे झुलवायचा, मग आडवा. मग गुडघे छातीपर्यंत, मग टाचा मागे आपटत वीस-वीस पावलं. शेवटी वडापासून पाण्याच्या टाकीपर्यंत तीन धावा; पहिली अर्ध्या जोराने, तिसरी जवळजवळ पूर्ण. यात पंधरा मिनिटं जायची. मग सर रांगेच्या मागून फिरत एकेकाच्या मानेवर पंजा ठेवायचे. कपाळावरचा घाम त्यांना चालत नसे. ‘तो भ्यालं तरी येतोय.’ मान ओली लागली की पाठीत थाप, म्हणजे सुट. कोरडी लागली की परत वडाखाली.

सर कऱ्हाडकडचे, तालमीत वाढलेले. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला मिळवलेलं कांस्यपदक म्हणजे त्यांच्या दृष्टीने घरातलीच गोष्ट. आम्ही कुरकुर केली की म्हणायचे, ‘पैलवान हौद्यात उतरला की लगेच पट काढतो का रं? आधी खोरं घेऊन माती उकरतो. अंगाला कळाय पायजे, काम आलंय म्हणून.’ त्या काळी बाहेरून स्पर्धेला येणारे संघ सुरुवातीच्या रेषेशेजारी पायाचे अंगठे धरून ओणवे उभे राहायचे, तीस-चाळीस आकडे मोजत. आमच्या सरांनी ते पळून झाल्यावर ठेवलं होतं. ‘गार रबर ताणू नगंस’, एवढंच स्पष्टीकरण. माझी मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. तिने मला अलीकडे नीट समजावून सांगितलं, की चालण्या-दुडकण्याने स्नायूंकडे रक्त जास्त जातं, ते गरम होतात आणि चांगले आकसतात-सैलावतात. उलट पळायच्या तोंडावर एखादा स्नायू मिनिटभराहून जास्त वेळ ताणून धरला, तर काही काळ त्याचा जोर उलट थोडा कमीच होतो. मी म्हटलं, हे आम्हाला आठवीत माहीत होतं. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला सगळंच आठवीत माहीत होतं.

आता तो प्रसंग. नववीत असताना तालुक्याच्या स्पर्धा आपल्याच मैदानावर होत्या आणि पंधराशे मीटरला माझं नाव होतं. आदल्या रात्री मी कॅनव्हासच्या बुटांना ओला खडू फासून ते चुलीजवळ वाळत ठेवले. सकाळी बघतो तर डावा बूट एका बाजूने तांबूस भाजलेला. त्यावरून घरात आरडाओरडा, रडारड, आणि शेवटी वडिलांच्या लुनावर मागे बसून, थंडी खात, गोडोलीतून मी शाळेत पोचलो तेव्हा पोरं रेषेवर उभी होती. मी शर्ट काढून पळत जाऊन उभा राहणार, तेवढ्यात मानेवर पंजा पडला.

‘कोरडी हाय.’

‘सर, आता शिट्टी होतीय.’

‘होऊ दे. चल, एक फेरा चालत.’

शिट्टी झाली. आपल्या शाळेकडून दुसरं कोणीच नव्हतं. मैदानात शर्यत चालू होती आणि मी तिच्या बाहेरून, कडेकडेने, चालत फेरा मारत होतो. इतर शाळांची पोरं हसत होती. मी रडत होतो. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही सरांनी थांबू दिलं नाही. चालणं, दुडकणं, खांब धरून पाय झुलवणं, सगळं करून घेतलं. शर्यत संपली, बक्षीस वाटपाच्या खुर्च्या मांडायला शिपाई आला. सरांनी माझी मान चाचपली, थाप मारली, खिशातून ते स्टॉपवॉच काढलं आणि म्हणाले, ‘पळ आता. पंधराशे.’ मी एकटा पळालो. खुर्च्या लावणाऱ्या शिपायाखेरीज बघायला कोणी नव्हतं. तसा मी आयुष्यात पुन्हा पळालो नाही. शेवटी सरांनी घड्याळाकडे पाहिलं, डायरीत काहीतरी लिहिलं आणि डायरी खिशात घातली. वेळ विचारली तर म्हणाले, ‘वडाखाली जा, पाय ताण.’

पुढे मी बँकेत लागलो, बदल्या झाल्या, पोट सुटलं. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली, मी उतरलो चार-पाच वर्षांनी. एकवीस किलोमीटर, आणि जाताना यवतेश्वरचा घाट. त्या दिवशी स्टेजवर गाणी चालली होती, गर्दी होती, ओळखीचे भेटले, फोटो काढण्यात वेळ गेला आणि मी सरळ पळत सुटलो. घाटाच्या दुसऱ्या वळणावर पोटरीत असा काही चमका निघाला की कठड्यावर बसून राहिलो. लंगडत खाली येताना मी स्वतःला काय काय म्हणालो, ते स्मरणिकेत छापण्यासारखं नाही. तेव्हापासून सगळे स्टेजपुढे नाचत असतात तेव्हा मी बाजूच्या विजेच्या खांबाला धरून पाय झुलवत असतो, आणि सुटण्याआधी आपलाच हात मानेमागे नेऊन बघतो. गेल्या वर्षी दोन तास एकेचाळीस मिनिटं लागली. वय चोपन्न.

वड गेला, हे सगळ्यांना माहीतच आहे. तिथे आता फरशा बसवल्यात आणि गाड्या लागतात. गेल्या क्रीडादिनाला गेलो होतो. पाऊण तास पोरं पाहुण्यांचं भाषण ऐकत मांडी घालून बसली होती, भाषण संपलं आणि उठवून थेट शंभर मीटरला उभी केली. माझ्या शेजारचे पालक टाळ्या वाजवत होते. मला बघवेना, मी निघून आलो.

सर आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. पाय चालतात, कान कमी झालेत. १५ ऑगस्ट २०१६ च्या संध्याकाळी आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओला स्टीपलचेसची अंतिम फेरी पळाली, ती मी त्यांच्याच घरी बसून पाहिली. ती दहावी आली. आम्ही सगळे टीव्हीला चिकटलेलो आणि सर विचारतायत, ‘ह्या पोरी आत यायच्या आधी बाहेर किती वेळ पळाल्या असतील रं?’

हा मजकूर लिहायच्या आधी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. राजवाड्यावरून कंदी पेढे घेतले होते. म्हटलं, आता तरी सांगा, त्या दिवशी पंधराशेला मला किती वेळ लागला? बराच वेळ पेढा चघळत राहिले.

‘घड्याळ बंद पडलेलं. किल्ली द्यायची राहिली होती. पण तू चांगला पळत होतास, मग थांबवायचं कशाला?’

‘मग डायरीत काय लिहिलंत?’

‘घड्याळाला किल्ली देणे.’